कोरडे हात

थोरल्याच्या हातांना यंत्राच्या तेलाचा वास होता आणि धाकटीच्या लेखी तोच घराचा वास होता. आईबाप एकामागोमाग गेले तेव्हा ती पाटीवर अक्षरं गिरवत होती, आणि तो मिसरूड फुटायच्या आधीच एका कारखान्यात यंत्रांना वंगण घालायला लागला होता. संध्याकाळी घरी आला की हात साबणानं घासायचा, राखेनं घासायचा, पण नखांच्या कडेची काळी रेघ काही हटायची नाही. त्याच हातांनी तो तिची वेणी घालायचा. वेणी तिरकी यायची. शाळेतल्या मुली नाक मुरडायच्या, “हिच्या केसांना कसला गं वास येतो?” ती ताठ मानेनं सांगायची, “दादाचा.”

कारखान्यातल्या पट्ट्याच्या तालावर त्यानं दोन ओळी जुळवल्या होत्या. तिला झोप येईनाशी झाली की पाठीवर थोपटत म्हणायचा,

चाल चाल रे चाका, तुला तेलाची धार
माझ्या धाकट्या बहिणीचा तुझ्यावरी भार

चाक चालत राहिलं. धाकटी शिकली, वायूंच्या शास्त्रात मोठी पदवी मिळवून आली, आणि थोरला तोवर ज्या संशोधन संस्थेत कॉम्प्रेसर सांभाळत होता तिथंच तिला जागा मिळाली. संस्थेत लागणारा प्रत्येक वायू तिच्या सहीनं यायचा आणि त्याच्या हातून सिलिंडरमध्ये दाबला जायचा. तिला सगळे मॅडम म्हणायचे आणि त्याला वंगणदादा. तोही लोकांसमोर तिला मॅडम म्हणायचा, पण असा लाडानं, की ऐकणाऱ्याला हसू यावं. एकटी सापडली की मात्र, “बये, डबा खाल्लास का?”

जुना कॉम्प्रेसर अखेर मोडीत निघाला त्या वर्षी संस्थेनं नवं काम अंगावर घेतलं. जड प्राणवायूचं. हा प्राणवायू नेहमीचाच, फक्त त्याचा कण वजनाला जरा भारी. म्हणून तो शरीरात कुठं जातो, कुठं मुरतो, याचा माग काढता येतो. मिळतो चमच्याचमच्यानं. वापरून झाला की गोळा करायचा, शुद्ध करायचा आणि पुन्हा सिलिंडरमध्ये दाबून भरायचा. त्यासाठी कॉम्प्रेसर हवा होता, आणि तो निवडायचं काम धाकटीकडे आलं.

दोन यंत्रं समोर होती. पहिलं पडद्याचं. त्यात दट्ट्या तेलाला ढकलतो, तेल पोलादाच्या पातळ पडद्याला ढकलतं आणि पडदा पलीकडच्या वायूला दाबतो. तेल आणि वायू एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. सगळं बंद, सगळं आतल्या आत. अधूनमधून कंपनीची माणसं येऊन बघून जाणार. दुसरं कोरड्या दट्ट्याचं. त्याच्या वायूकडच्या भागात तेलाचा थेंबही नाही. दट्ट्यावर पांढऱ्या, मेणासारख्या गुळगुळीत रिंगा, त्या आपल्याच अंगानं घसरतात. पण घसरतात तशा झिजतातही. मग यंत्र उघडायचं, पुसायचं, रिंगा बदलायच्या, व्हॉल्व तपासायचे आणि परत जोडायचं. या यंत्राला घरचा माणूस लागतो.

प्राणवायू नाव ऐकून माणूस गाफील राहतो. दाबाखालचा प्राणवायू हसतमुख वैरी आहे. त्याच्या संगतीत तेलाचा ठिपका काडी न लावता पेटतो, आणि एकदा पेटला की पोलादसुद्धा सरपणासारखं जळतं. धाकटीला हे पाठ होतं. थोरल्यालाही होतं, वेल्डिंगच्या सिलिंडरला तेलकट हात लावणाऱ्या कितीजणांना त्यानं कानफटात दिल्या होत्या. तेव्हा शहाण्याची निवड उघड होती. पडद्याचं यंत्र. बैठकीला जाताना तिच्या मनात तेच होतं.

विभागप्रमुख वाईट माणूस नव्हता. घाईतला माणूस होता.

“पडद्याचंच घ्या,” तो म्हणाला. “कटकट मिटेल. कॉम्प्रेसरच्या खोलीत माणूस ठेवायला नको. वंगणदादांना काय, भांडारात बसवू. खोकी मोजतील. नाहीतर लवकर निवृत्ती घ्या म्हणावं, घरी आराम करा.”

खोकी मोजतील. धाकटीच्या डोळ्यांसमोर भांडाराची ती खिडकी नसलेली खोली आली, आणि रिकाम्या हातांनी खुर्चीत बसलेला दादा आला. यंत्र बंद पडलेल्या दिवशी तो घरी जेवत नसे, हे तिला माहीत होतं. मोडीत निघालेल्या जुन्या कॉम्प्रेसरच्या जागेवर, जिथं नुसते चार बोल्ट वर आले होते, तिथं तो परवा फडकं मारत होता, हेही तिनं पाहिलं होतं. या माणसाचे हात रिकामे केले तर तो उभ्या उभ्या वाळेल.

“कोरड्या दट्ट्याचं घेऊ,” ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. “पडदा फाटला तर कंपनीच्या माणसांची वाट बघत महिनेमहिने बसावं लागेल. याच्या रिंगा आपण आपल्या हातानं बदलू. आपल्याकडे हात आहेत.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. आणि तरी ते खरं नव्हतं.

“सुरक्षेचं?”

“ते माझ्यावर.”

विभागप्रमुखानं खांदे उडवले आणि सही केली.

थोरल्याला तिनं कॉम्प्रेसरच्या खोलीत गाठून सांगितलं. त्याचा चेहरा असा उजळला, की तिला क्षणभर आपण जगातलं सगळ्यात शहाणपणाचं काम केलं असं वाटलं.

“पण दादा, तेल नाही हं. या खोलीत तेलाचं नावसुद्धा काढायचं नाही. तुझी बुधली, चिंध्या, हा डगला, सगळं बाहेर. हात तेल विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटनं धुवायचे, मग साबणानं, मग हातमोजे.”

“अगं पण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं म्हणतात. तेवढं तरी चालेल ना, मॅडम?”

“चालणार नाही.”

“मग पापण्या किरकिरल्या तर माझी जबाबदारी नाही.” तो हसला, आणि मग हळूच म्हणाला, “यंत्र आणि तेल नको! माणसानं पाणी नको म्हणावं तसंच झालं. असू दे. नवी सून आहे, तिच्या कलानं घेऊ.”

तेलाची बुधली त्यानं घरी नेली. वहिनीनं विचारलं, “ही कशाला आणलीत?” तर म्हणाला, “निवृत्त झाली बिचारी. तुझ्या शिलाई यंत्राला घाल.” पण घालू दिलं नाही. तिच्या हाताचं तेल आपल्या डगल्याला लागलं तर म्हणून वहिनीलाही शिलाई यंत्रापासून लांब राहायला लावलं. बुधली खिडकीत तशीच राहिली, नळीचं तोंड बाहेर करून.

आणि कोणाला वाटलं नव्हतं इतका तो बदलला. आयुष्यभर तेलात मुरलेला माणूस, पण नव्या खोलीत शिरताना देवळात शिरावं तसा शिरायचा. नवा पांढरा डगला. नखं मुळापर्यंत कापलेली. सॉल्व्हंट, साबण, पुन्हा सॉल्व्हंट. लहानपणापासूनची ती नखांच्या कडेची काळी रेघ, जी राखेनं गेली नव्हती, ती पुसट होत होत एक दिवस गेली. धाकटीनं त्याचे हात पाहिले तेव्हा तिला ओळखू आले नाहीत. पावसानं धुऊन नेलेल्या डोंगरासारखे, फिके.

एका गोष्टीत मात्र तो ऐकत नसे. व्हॉल्वची चकती बसवण्याआधी शेवटची तपासणी तो उघड्या अंगठ्यानं करायचा. हातमोजा काढायचा, डोळे मिटायचा आणि व्हॉल्वच्या बैठकीवरून, चकती टेकते त्या कड्यावरून, अंगठा सावकाश गोल फिरवायचा. केसाएवढा ओरखडा असला तरी त्याला कळायचा.

“दादा, हातमोजा.”

“मोज्याला ओरखडा दिसत नाही, बये. आंधळा असतो मोजा.”

“हात धुतलेत?”

“तीनदा. वास घे हवा तर.”

ती वास घ्यायची. कसलाच वास नसायचा. बरोबर होतं ते, तसंच हवं होतं. पण घराचा वास गेला होता. ती मान हलवायची आणि आपल्या मोजमापांच्या खोलीत जायची. बैठकीवर अंगठा फिरवायला मनाई होती, पण त्याच अंगठ्यासाठी तर तिनं हे यंत्र घेतलं होतं.

यंत्र सुरेख चाललं. विभागप्रमुख पाहुण्यांना खोली दाखवू लागला. “आमचे वंगणदादा. वंगणाशिवाय!” आणि पाहुणे हसले की थोरलाही हसायचा.

हिवाळा आला तसे थोरल्याचे हात फुटले. आधी बोटांच्या पेरांवर पांढऱ्या रेघा आल्या, मग रेघांच्या भेगा झाल्या. तेलानं इतकी वर्षं पोसलेली कातडी, तिचं खाणंच तोडलं होतं. सॉल्व्हंट लागला की तो दातावर दात दाबायचा, पण हात धुवायचं चुकवायचा नाही. वहिनी एका सुटीच्या दिवशी धाकटीला दारातच म्हणाली, “बघा तुमच्या भावाचे हात. घास उचलला की ताटात रक्ताचा ठिपका पडतो. मी काही लावू म्हटलं तर अंगावर येतात. तुमचं ऐकतील.”

तो खिडकीत बसला होता, हात मांडीवर उताणे ठेवून. उन्हानं तडकलेलं शेत असावं तसे ते तळवे. उजव्या अंगठ्याच्या गाभ्यात एक भेग इतकी खोल, की आत ओलं लाल दिसत होतं.

“तेल लावणार नाही,” तो आधीच म्हणाला.

“तेल नाही रे. मलम आहे. औषधाच्या दुकानातलं.”

तिनं पिशवीतून डबी काढली. पांढरंशुभ्र मलम, वास नसलेलं, लहान मुलांच्या गालांना लावतात तसलं. धाकटी त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि एक एक बोट हातात घेऊन मलम चोळू लागली. भेगांत बोटाच्या टोकानं भरू लागली, जसं कोणी भिंतीची चीर लिंपावी.

“हुळहुळतंय गं.”

“गप्प बस. वेणी घालताना मी हलले की टपली मारायचास.”

“तुझे केस म्हणजे सुंभ. हात भरून यायचा माझा.”

“आणि भांग कायम वाकडा.”

“वाकड्या भांगाचीच मॅडम झाली ना!”

वहिनी दारात उभी राहून हसत होती. बऱ्याच दिवसांनी ती दोघं अशी बसली होती. त्याचे डोळे मिटले होते. बरं वाटत होतं त्याला, ते चेहऱ्यावर दिसत होतं. “रोज झोपताना लावत जा,” धाकटी म्हणाली, “सकाळी धुऊन टाक.” आणि डबी खिडकीत ठेवली, बुधलीच्या शेजारी.

बुधली आणि डबी शेजारीशेजारी होत्या. ती वायूंची जाणकार होती आणि तो यंत्रांचा. पण दोघांनाही तेल म्हटलं की काळं, वास येणारं, नखांत बसणारं तेवढंच आठवत होतं. हे पांढरं होतं. हे औषध होतं. हे मायेनं लावलेलं होतं. ज्या खनिज तेलाच्या भीतीनं त्यांनी चिंध्या खोलीबाहेर काढल्या होत्या, त्याचंच हे गाळलेलं, पांढरं केलेलं भावंड आहे, हे धाकटीला परीक्षेत विचारलं असतं तर तिनं झोपेतही सांगितलं असतं.

पुढच्या आठवड्यात रिंगा बदलायच्या होत्या. थोरल्यानं सकाळी हात धुतले. सॉल्व्हंट, साबण, सॉल्व्हंट. कातडीवरचं गेलं. भेगांतलं राहिलं, विहिरीच्या तळाशी पाणी राहावं तसं. त्यानं रिंगा बदलल्या, सगळं पुसलं, आणि शेवटी मोजा काढून, डोळे मिटून व्हॉल्वच्या बैठकीवर अंगठा दाबून गोल फिरवला. अंगठा दाबला तशी भेग उघडली असणार. त्याला ओरखडा लागला नाही. बैठक गुळगुळीत होती. जरा जास्तच गुळगुळीत होती, पण तो समाधानानं हसला आणि त्यानं झाकण कसलं.

धाकटी काचेपलीकडे दाबाचा काटा बघत होती. काटा नेहमीसारखा चढत होता. थोरल्याचे दोन्ही हात यंत्राच्या माथ्यावर होते, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावे तसे. यंत्र ठीक चाललंय का, ते तो असंच बघायचा. त्यानं काचेतून तिच्याकडे मान वळवली, भुवया उडवल्या. ठीक आहे, मॅडम.

मग पांढरा उजेड झाला. आवाज नंतर आला, किंवा तिला नंतर ऐकू आला. यंत्राचा माथा जिथं होता तिथून ज्योत निघत होती, बारीक, सरळ, सुईसारखी, आणि ती पोलाद खात होती. धाकटीनं मुख्य झडप बंद केली. शिकवलं होतं तसंच सगळं केलं. मग आत धावली आणि तिनं त्याला पाहिलं.

डॉक्टरांनी त्याचे प्राण वाचवले, एक डोळा वाचवला. हात वाचले नाहीत. मनगटांपाशी दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्यांची गाठोडी होती.

चौकशी समिती बसली. सगळ्यांचा एकच प्रश्न, तेल आलं कुठून? थोरला पहिले काही दिवस, बोलता यायला लागल्यापासून, एकच सांगत होता. “मी तेल लावलं नाही. शपथ घेतो. तीनदा धुतले होते.” ऐकणारे एकमेकांकडे बघायचे. जुनी खोड, त्यांच्या डोळ्यांत असायचं. वंगणदादाच तो.

आणि मग एके दिवशी त्याची जबानी बदलली. धाकटीला ते संस्थेत कळलं. “कबूल केलं त्यांनी,” विभागप्रमुख म्हणाला. त्याच्या आवाजात दया होती. “यंत्र किरकिरत होतं म्हणून सवयीनं एक थेंब सोडला म्हणाले. चला, तुमच्यावरचं तरी गेलं.”

यंत्र किरकिरत नव्हतं. ती काचेपलीकडेच होती.

ती इस्पितळात गेली तेव्हा वहिनी बाहेरच्या बाकावर बसली होती. रडून कोरडी झालेली. “काय झालंय यांना कळत नाही,” ती म्हणाली. “ओठ फुटलेत म्हणून मी घरून तुम्ही दिलेली मलमाची डबी आणली. उघडली तर नुसते बघत राहिले तिच्याकडे. किती वेळ. मग म्हणाले, फेकून दे ही. बयेच्या नजरेस पडू देऊ नकोस. आणि लगेच संस्थेच्या साहेबांना बोलाव म्हणाले. अहो, अजून निम्मी भरलेली डबी, फेकू कशी? पर्समध्ये ठेवलीये.”

धाकटी तिच्या शेजारी बाकावर बसली. वहिनी काहीतरी बोलत होती, पाणी आणू का विचारत होती. धाकटीला फक्त आपल्या बोटाचं टोक दिसत होतं, भेगेत पांढरं भरणारं. हुळहुळतंय गं. गप्प बस.

दुसऱ्या दिवशी ती समितीपुढे उभी राहिली. मलमाचं सांगितलं. आपण आणलं, आपण लावलं, लाव म्हणून सांगितलं. आणि कोणी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. की पडद्याचं यंत्र घ्यायला हवं होतं, हे तिला बैठकीत माहीत होतं. भावाची जागा जाऊ नये म्हणून तिनं दुसरं घेतलं.

विभागप्रमुखानं चष्मा काढून डोळे चोळले.

“मॅडम, तुम्ही थकलात. भावासाठी जीव तुटतो, समजतं. पण त्यांनी कबूल केलंय. आणि समजा मलमच होतं. मलम काय, तेल काय, उघडा हात त्यांचाच होता ना? नियम मोज्याचा होता.”

“मी बघत होते. मी अडवलं नाही.”

“ते राहू द्या,” समितीतला वयस्क माणूस म्हणाला, जवळजवळ मायेनं. “त्यांना काय आता नोकरी करायची आहे? तुम्हाला करायची आहे.”

अहवालात तंत्रज्ञाचा निष्काळजीपणा असंच राहिलं. तिचं म्हणणं कोणी खोटं ठरवलं नाही. लिहूनच घेतलं नाही. उलट जाताना विभागप्रमुखानं तिच्या पुढ्यात नव्या यंत्राची मागणी ठेवली. या वेळी पडद्याचं. वायू तिच्याकडे होते, सही तिचीच लागणार होती. तिनं केली. या वेळी बरोबर होतं ते.

संध्याकाळी ती थोरल्याजवळ बसली. खिडकीतून ऊन तिरपं येऊन पट्ट्यांच्या गाठोड्यांवर पडलं होतं. तो एका डोळ्यानं तिच्याकडे बघत होता. त्याला सगळं कळलं होतं.

“कशाला सांगितलंस?”

“खरं होतं म्हणून.”

“मोठी आली खरं बोलणारी.” तो धापा टाकत थांबला. “मी एवढं जुळवून आणलं होतं. माझे हात गेले ते गेले. तुझे तरी स्वच्छ राहिले असते.”

“दादा…”

“रडू नको. डोळे पुसायला माझ्याकडे काही नाही.”

हा विनोद होता. त्याच्या नेहमीच्या आवाजातला. तिला हसता आलं नाही, त्यालाही नाही. कुठंतरी भिंतीपलीकडे एक पंप चालू होता, आणि सवयीनं त्याची मान त्या आवाजाकडे वळली होती. तो ऐकत होता.

“ओठ फुटलेत,” तो म्हणाला. “ती डबी वहिनीनं टाकली नसेल. तिच्यानं काही टाकवत नाही. आण.”

ती त्याची चादर सारखी करत राहिली.

“आण म्हणतो ना. औषध आहे ते. त्याचा काय दोष.”

तिनं डबी आणली. बोटाच्या टोकावर मलम घेतलं आणि त्याच्या ओठांवर लावलं, हळू, आधी वरच्या, मग खालच्या. लहानपणी तो तिच्या गालांना खोबरेल लावायचा तेव्हा ती तोंड फिरवायची. तो फिरवत नव्हता.

“आता कुठला कॉम्प्रेसर घेतलात?” त्यानं विचारलं.

“पडद्याचा.”

भिंतीपलीकडचा पंप बंद झाला.

“चांगलं केलंस, बये,” थोरला म्हणाला. “त्याला हात लागत नाहीत.”